बाळंतिणीची मोरी

लहानपणी मला वाघाचा भयंकर राग यायचा. वाघाने माझं काही बिघडवलं नव्हतं, पण शाळेत दरवर्षी चित्रकलेची स्पर्धा असायची, विषय ठरलेला, नष्ट होत चाललेले प्राणी वाचवा, आणि अख्खा वर्ग मान खाली घालून वाघ काढायचा. पाचवीत मी मोरी काढली. मोरी म्हणजे शार्कची धाकटी जात, कोणी तिला मुशी म्हणतात. बाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा काय बोंबील काढलायस? वाघ काढ." मी म्हटलं, वाघाला सगळे आहेत, हिला कोणी नाही. डायरीत शेरा आला, 'उलट उत्तरे देते.' बाबांनी न वाचताच सही केली.

खरं तर वाघ मी राणीच्या बागेतसुद्धा धड पाहिला नव्हता. गेलो तेव्हा तो पाठ करून झोपला होता. मोरी मात्र आठवड्यातून दोनदा बघायची, लालबागच्या बाजारात, बर्फावर पडलेली. आम्ही तिथेच मागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. आजोबा गिरणीत होते, बाबा लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत लिफ्ट सांभाळायचे, आणि आम्ही मालवणी, त्यामुळे मासळी आणणं हे घरातलं महत्त्वाचं खातं होतं. आईबरोबर पिशवी धरायला मी जायची आणि तिथेच मला नाद लागला.

नाद असा की शंभर पानी वहीत मी मासे उतरवून घ्यायची. वर माशाचं नाव, त्याखाली लांबी, त्याखाली चित्र. लांबी मोजायला दप्तरातली फूटपट्टी. ती धुतली तरी वास जायचा नाही आणि वर्गात माझ्या शेजारी कोणी बसायला मागायचं नाही. बसा नाहीतर उठा, मला काय. आमची नेहमीची मासेवाली होती, तिला मी मावशी म्हणायची. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याकडूनच घ्यायची. मी गिऱ्हाइकांच्या मधे घुसून पापलेटाला पट्टी लावायची, तरी मावशी कधी ओरडली नाही. उलट जाळ्यात काही विचित्र आलं, समुद्रघोडा, तारामासा, शंखात शिरून बसलेला खेकडा, की ती ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बर्फ घालून माझ्यासाठी ठेवायची. मला मास्तरीण म्हणायची. "काय गो मास्तरीण, आज काय शिकवतेस?" असं अख्ख्या बाजारासमोर विचारायची. मी लाजायची, पण आतून फुगायची.

वहीमुळे एक गोष्ट कळली. पहिल्या पानांवरच्या मोऱ्यांना पट्टी दोनदा, कधी तीनदा ठेवावी लागली होती. पुढे पुढे एकदा ठेवूनच भागायला लागलं. मी मावशीला विचारलं, मोठ्या गेल्या कुठे? ती म्हणाली, "जातील कुठं? आपल्याच पोटात." शाळेच्या वाचनालयात एक जाडं पुस्तक होतं, त्यात लिहिलेलं सापडलं की शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी घालतात, आणि म्हणून पकडले तसे भरून निघत नाहीत. त्या दिवसापासून मी मोरी सोडली आणि घरात जाहीर केलं की कोणीच खायची नाही. बाबा म्हणाले, "बरं, मग सुरमई खाऊ, त्यात काय." सुरमई परवडते का म्हणून आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. एवढ्यावर ती चळवळ संपली.

त्याच वर्षी आत्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. आजी आदल्या वर्षी गेलेली. म्हणजे आत्याचं माहेर आता आमची एक खोली आणि माझी आई. आईने कुठे कमी पडायचं नाही असा चंगच बांधला होता. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, सकाळी बाळाला मालिश, आत्याला शेक. तरीही आत्याला दूध पुरेसं येईना. बाळ ओढून ओढून दमायचं आणि लाल होऊन रडायचं. बाळाच्या रडण्याने चाळीत कोणाला काही वाटत नव्हतं, पण शेजारच्या बायका येऊन बघून जायच्या आणि जाताना आईला एकेक सल्ला देऊन जायच्या. सल्ले फुकटच असतात.

आमच्यात बाळंतिणीला मोरी देतात. मोरीने दूध उतरतं असं सगळ्यांचं म्हणणं. दहाव्या दिवशी आत्या बाजेवर बसल्या बसल्या म्हणाली, "वहिनी, आई असती तर एव्हाना मोरी खाल्ली असती मी." तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला आईची आठवण आली होती, इतकंच. पण माझ्या आईचा चेहरा पडला. ती तशीच चप्पल घालून बाजारात गेली आणि मावशीला सांगून आली. मावशी म्हणाली, "परवा येते घेऊन. बाळंतिणीला माझ्याकडनं. पैशाचं नाव काढू नको."

नाताळची सुट्टी होती, म्हणून आणायला मला पाठवलं. मी नाही म्हणाले असते तर? पण आईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मनात मात्र धुसफुस चालू होती. मी गेले तेव्हा मावशीने फळीवर मोरी ठेवली होती, बऱ्याच महिन्यांत पाहिली नव्हती इतकी मोठी. "मोजून घे आधी," ती म्हणाली. मी वही आणलीच नव्हती. तिने कोयत्याने पोट फाडलं आणि आत पिल्लं निघाली. पाच. बोटाएवढी, गुळगुळीत, डोळे उघडे, आईसारखीच नाकं. "पोटुशी होती वाटतं," मावशी हळूच म्हणाली. तिलाही ते आवडलं नव्हतं. मग म्हणाली, "राहू दे. मऊ असतात, बाळंतिणीला चांगली."

त्यातल्या एकाची शेपटी हलली. निदान मला तसं दिसलं. मी म्हटलं, मावशी, जिवंत आहे. ती म्हणाली, "नाय गो, कवाची मेलीत, रातभर बर्फात होती." मला ते पटलं नाही. मोठी माणसं आपल्याला गप्प करायला असंच बोलतात हा माझा अनुभव होता. मावशी तुकडे करायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. "तुकडे नको, आई घरी करणार आहे." तिने माझ्याकडे जरा बघितलं, आणि मोरी आणि पिल्लं काळ्या पिशवीत घालून दिली.

मी घराकडे वळलेच नाही. काळाचौकीवरून सरळ शिवडीला निघाले. मला एवढंच माहीत होतं की तिथे समुद्र आहे आणि पाण्यात टाकलं की ते पिल्लू वाचेल. मी पळत होते, मधे मधे पिशवी उघडून बघत होते. स्टेशनचा पूल ओलांडला, गोदामांच्या रस्त्याला ट्रकच्या कडेकडेने गेले, आणि जेट्टीवर पोचले तर समुद्र नव्हताच. ओहोटी होती. नजर जाईल तिथपर्यंत चिखल आणि लांब कुठेतरी पाण्याची पांढरी रेघ. चिखलात रोहित पक्षी उभे होते आणि काठावर चारपाच माणसं मोठमोठे कॅमेरे लावून त्यांचे फोटो काढत होती.

पाण्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. मी काठावर बसले आणि पिल्लं एकेक करून खाली सोडली. ती चिखलात पडली आणि तशीच पडून राहिली. एकही हललं नाही. मग मी मोरीपण ढकलली. एक टोपीवाले काका कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाले, "बेटा, इधर कचरा मत डालो. बर्ड्स हैं यहाँ." मला त्यांना सांगायचं होतं की हा कचरा नाही. पण रडूच यायला लागलं. तेवढ्यात कावळे उतरले, आणि कुठून तरी दोन कुत्री चिखलातून आली आणि त्यांनी मोरी ओढत नेली. ते मी शेवटपर्यंत बघितलं. मग घरी आले.

आईने मोरीसाठी खोबऱ्याचं वाटप वाटून ठेवलं होतं. भाजलेल्या खोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. आत्या केस विंचरून, पदर नीट करून बसली होती. मी म्हटलं, "मावशी आलीच नाही. मी इतका वेळ थांबले." हे वाक्य मी रस्ताभर घोकत आले होते. आत्या म्हणाली, "असू दे वहिनी, माझंच नशीब," आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या वाटपात आईने दुधी घातला. मी दोनदा वाढून घेतलं, कारण नाही घेतलं तर संशय आला असता.

दोन दिवसांनी आई मला घेऊन बाजारात गेली. मी पोट दुखतंय म्हणाले, पण आईने ऐकलं नाही. मावशी लांबूनच हसली आणि म्हणाली, "काय बाय, खाल्ली का बाळंतिणीने?" आईचा तोल गेला. "काय खाणार? तुझा शब्द खाणार? पोरीला दोन तास ताटकळत ठेवलंस. नाही जमत तर नाही म्हणायचं, मी दुसरीकडे बघितलं असतं. ओल्या बाळंतिणीला आशेला लावलंस." आजूबाजूच्या कोळणी बघायला लागल्या. मावशीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिच्या टोपलीकडे बघत राहिले.

"चुकलं बाय," मावशी म्हणाली. "नाय आले त्या दिवशी. ध्यानातनं गेलं."

"आता तुझ्या फळीला परत उभी राहणार नाही," आई म्हणाली, आणि ती शब्दाला पक्की आहे. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक तिथल्या तिथे तुटलं.

आईने दुसऱ्या कोळणीकडून मोरी आणायचा प्रयत्न केला, पण त्या आठवड्यात मिळाली नाही. बाळाला डब्याचं दूध सुरू झालं. बाटली नीट उकळली गेली नसेल, त्याला जुलाब लागले आणि दोन दिवस परळच्या इस्पितळात ठेवावं लागलं. वाचलं. आता दाढी करतो. मोरीचा आणि दुधाचा काही संबंध नसतो, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं आणि मी ते वाक्य आजपर्यंत घट्ट धरून ठेवलंय. पण आत्याच्या मनात एकच राहिलं, की आई नाही तर माहेर नाही. दुसऱ्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. ती येणार नाही हे कळलं त्या दिवशी आई दुपारभर तेच ते तांदूळ निवडत बसली होती.

आत्या सासरी गेल्यावर मी एकटी मावशीकडे गेले. माफी मागायची होती. ती कोलंबी सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "वाचली का गो?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "नाही. कुत्र्यांनी खाल्ली."

तिने हातातली कोलंबी सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "मग आत्याने खाल्ली असती तर काय वाईट होतं?"

मी म्हटलं की आईला सांगते, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते. ती म्हणाली, "सांग. तुझ्या तोंडाने सांग, मी नाय सांगणार." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती त्याच्याशी बोलायला लागली. मी घरी गेले. आई बाळाची दुपटी घडी करून पेटीत ठेवत होती. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती. मग मे महिना आला, आम्ही गावी गेलो. वही मी रद्दीत घातली. बाजारात जायचं झालंच तर मिरच्या कांडतात त्या गल्लीतून, शिंकत शिंकत, मागच्या बाजूने जायची, मावशीची फळी लागू नये म्हणून.

गेल्या वर्षी आईने बाजारातून आल्यावर पिशवी ठेवता ठेवता सांगितलं, "ती कोळीण गेली गं. आपली जुनी. सून बसलेली दिसली, तिला विचारलं." मी जेवायला बसले होते. आई हात धुऊन माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. हाताने चांगली होती, मासळी कधी शिळी दिली नाही. पण बाळंतिणीला दिलेला शब्द मोडला तिने, ते काही मी विसरले नाही."

मी "हं" म्हटलं, आणि भात कालवायला घेतला.