आमचे व्याही वर जातात

जगात उंच म्हणून जे काही बांधलं गेलं आहे, ते आपल्याला वर चढून गाव बघता यावं एवढ्याचसाठी बांधलं आहे, अशी माझ्या व्याह्यांची प्रामाणिक समजूत आहे. इमारतीत माणसं राहतात, टाकीत पाणी साठवतात, किल्ल्यावर पूर्वी राजे राहत असत, या त्यांच्या लेखी दुय्यम गोष्टी. मुख्य गोष्ट म्हणजे वर जाता येतं की नाही, आणि गेल्यावर काय दिसतं. माझ्या मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या घरी फोन केला तेव्हा विहीणबाईंनी तो उचलला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "हे वर गेलेत." मी मटकन खाली बसलो. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं माझा चेहरा बघून पदर डोळ्यांपर्यंत नेलासुद्धा. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "जरा वेळानं करा की. च्या ठेवलाय म्हटल्यावर उतरतील."

पण तोवर आम्हाला खरं तर कल्पना यायला हवी होती. ही मंडळी मुलगी बघायला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आली, तेव्हाच या गृहस्थांनी चुणूक दाखवली होती. पांढरा स्वच्छ शर्ट, बेताची उंची, आणि आवाज मात्र असा की शेजारच्या घरातली कुत्री उठून बसावीत. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री. आयुष्यभर यंत्रांच्या वरताण बोलावं लागल्यामुळे त्यांना कुजबुजसुद्धा मोठ्यानंच करता येते. घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी विचारलं, "पावणं, गच्ची हाय का?" मला वाटलं, प्रवासानं उकडत असेल. मी त्यांना वर घेऊन गेलो. खाली पोहे गार होत होते, मुलगी नटूनथटून बसली होती, मुलगा घाम पुसत होता, आणि हे वर कठड्याला धरून चारी बाजूंनी फिरत होते. "अंबाबाईचं शिखर हितनं नाकासमोर की हो! आणि त्यो जोतिबाचा डोंगर. आवं, तुमी रोज वर येतासा का न्हाय?" मी म्हणालो, वाळवण घालायला बायको येते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू दागिन्यांच्या पेटीत मी बटाटे ठेवले असावेत. खाली येऊन हात धुतले आणि जाहीर केलं, "स्थळ पसंत हाय."

माझी बायको घाबरून म्हणाली, "अहो, पण मुलगी तरी बघा!"

"तिला पोरगं बघंल की," व्याही म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी ओढली.

माझी स्वतःची गोष्ट वेगळी आहे. पंखा पुसायला स्टुलावर चढलो तरी मला घरातले सगळे देव आठवतात. असा माणूस नेमका यांच्या पदरात पडावा हा योगायोगच म्हणायचा. त्यांनी मला सुधारायचं मनावर घेतलं. कोल्हापुरात जिथं म्हणून नवा टॉवर उभा राहतो, तिथं आम्ही दोघे फ्लॅट घ्यायला जातो. म्हणजे घ्यायला नव्हे, बघायला. विक्रीचा पोरगा पहिल्या मजल्यावरचा नमुना दाखवू लागला की हे हात वर करतात, "त्ये ऱ्हाऊ दे. शेवटचा मजला दाव." तिथं गेल्यावर स्वयंपाकघर, मोरी, कपाट यांच्याकडे ढुंकूनही न बघता ते थेट बाल्कनी गाठतात आणि भाषण सुरू होतं. पंचगंगा कुठून वळली, कुठला रस्ता पूर्वी बैलगाडीचा होता, उसाचा हिरवा आणि शाळवाचा हिरवा लांबून कसा ओळखायचा. मी आपला मागे हॉलच्या भिंतीला पाठ लावून ऐकतो. एकदा असं बोलताना मागे आणखी दोन कुटुंबं येऊन उभी राहिली आणि ऐकता ऐकता त्यातल्या एकानं फ्लॅट पक्कासुद्धा केला. त्या बिल्डरकडून दर दिवाळीला यांना मिठाई येते. यांनी मात्र आजवर एकही घर घेतलेलं नाही. "वर ऱ्हायला लागलं की रोजचंच हुतंय. मग मजा न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या गावाकडच्या पाण्याच्या टाकीची हकिकत तर लोक आजही सांगतात. नवी टाकी बांधून झाली आणि भल्या सकाळी हे शिडीनं वर जाऊन बसले. खालून कुणीतरी पाहिलं आणि गावभर झालं की अण्णा टाकीवर चढले, आता काही खरं नाही. माणसं जमली. सरपंच धावत आले आणि त्यांनी हात जोडून विचारलं, "अण्णा, खाली या. मागणी काय हाय तेवढी सांगा!" वरून हे म्हणाले, "मागणी कसली? थर्मास तेवढा पाठवून द्या." पण लोक हटेनात. मागणीशिवाय कुणी टाकीवर चढतं का? शेवटी यांनाच दया आली आणि वरून जे दिसत होतं ते सांगितलं, "माळावरच्या वस्तीचा रस्ता पार खड्ड्यात गेलाय बघा, त्यो करा." सरपंचांनी तिथंच शब्द दिला. त्या वस्तीवरच्या लोकांनी मग यांचा फेटा बांधून सत्कार केला, आणि फेटा सांभाळत हे आम्हाला म्हणाले, "मी हवा खायला गेलतो हो!"

उंचावर जाण्याला त्यांनी एक उपयोगही शोधून काढला होता. कुणाशी अवघड बोलायचं असलं की ते त्या माणसाला वर घेऊन जातात. धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालं होतं, तेव्हा त्याला त्यांनी बाहुबलीच्या डोंगरावर नेलं. दर्शन घेतलं, कठड्याशी उभं केलं आणि म्हणाले, "दाव मला, कुठाय त्यो बांध?" भाऊ बराच वेळ शोधत राहिला. शेत सापडलं, पण बांध काही दिसेना. मग दोघेही हसायला लागले आणि उतरताना एकाच नारळाचं पाणी प्याले. "खाली माणसाचं पाय अडकल्यालं असत्यात पावणं. वर तोंड मोकळं सुटतंय," हे त्यांचं त्यावरचं मत.

म्हणूनच आम्हा चौघांचं दुबईला जायचं ठरलं, तेव्हा मी ओळखलं की हे नुसतं फिरायला जाणं नाही. आमचे जावई, म्हणजे यांचा एकुलता एक मुलगा, तिथं इंजिनिअर आहे. लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांत परत येतो म्हणून तो गेला होता आणि त्याची मुलगी आता शाळेत जायला लागली होती. इकडे फौंड्री विकत घ्यायला एक जण मागे लागला होता. यांनी त्याला थांबवून ठेवलं होतं. विमानतळावरच्या बाकावर त्यांनी मला जवळ ओढलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात सांगितलं, "तिथला त्यो सगळ्यात उंच मनोरा हाय न्हवं, तिथं पोराला वर न्हेऊन विचारणार हाय. येतोस का परत, म्हणून. सरळ." समोरच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. विहीणबाईंनी तर मुलाची जुनी खोली आधीच रंगवून घेतली होती. आणि मी तरी कशाला खोटं बोलू? मुलगी आणि नात दुपारच्या चहाला येऊ शकतील इतक्या जवळ याव्यात, असं कुठल्या बापाला वाटत नाही? मीही मनातून अंबाबाईला हात जोडले.

मनोऱ्यावर जायची वेळ संध्याकाळची मिळाली. दोघी विहिणी आणि नात खालीच थांबल्या. आम्ही दोघे, जावई आणि माझी मुलगी लिफ्टमध्ये शिरलो. ती लिफ्ट वर चढत नाही, कुणीतरी मानगुटीला धरून उचलल्यासारखी नेते. मी डोळे मिटून घेतले. यांच्या कानांना दडे बसले, त्यामुळे आवाज आणखी चढला. "पावणं, कान बसलं की वो!" बरोबरच्या गोऱ्या जोडप्यानं आगबिग लागली या समजुतीनं एकमेकांना घट्ट धरलं. यांनी त्यांच्याकडे बघून हसून विचारलं, "कुठलं गाव?" जावयांनी भाषांतर केलं. त्या बाईनं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. "तिथं डोंगर हाय का?" हे म्हणाले. आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

वरची गॅलरी सगळी काचेची. जमीन तेवढी काचेची नव्हती, हे माझं नशीब. मी मधल्या एका खांबाला धरून उभा राहिलो. सूर्य समुद्रावर टेकत आला होता. आमचे व्याही थेट काचेशी गेले. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी पिशवीत हात घातला आणि घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा काढला. यांच्या घराण्यात जैन रिवाजानं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. पहारेकरी लगबगीनं आला आणि हिंदीत म्हणाला, "इथं खायला परवानगी नाही साहेब. आणि खाली तर आता सूर्यास्त झालासुद्धा."

यांचे डोळे चमकले. "खाली मावळला? आणि वर अजून हाय?" त्यांनी काचेकडे बोट केलं. सूर्याची लाल कोर अजून पाण्यावर होती. "अगं सूनबाई, लिफ्टनं एवढा फायदा हुतोय, ह्ये आधी सांगायचं की!" आणि कोर बुडायच्या आत त्यांनी उभ्या उभ्या एक दशमी संपवली. दुसरीचा तुकडा त्या पहारेकऱ्यालाही दिला. तो बिचारा इकडेतिकडे बघून पाठ वळवून खाता झाला.

मग जावयांनी हाक मारली, "अण्णा, हिकडं या."

खाली दिवे लागत होते. जावई काचेला बोट लावून सांगू लागले. "त्यो पूल दिसतोय? मी आलो तवा तिथं नुसती वाळू हुती. त्या पुलाच्या अलीकडं आमची पयली साइट. त्या तिकडं, पिवळ्या दिव्यांच्या रांगेत, आम्ही पयली खोली घेतली, लई बारकी. त्या निळ्या काचंच्या दवाखान्यात तुमची नात झाली. त्यो रस्ता थेट तिच्या शाळंला जातोय. आणि त्ये बंदर, पूर्वी हितवरच हुतं, आता बघा कुठवर सरकलंय." एरवी शुद्ध बोलणारा हा मुलगा वर आल्यावर बापाच्या बोलीत बोलत होता. हवेतून बोट फिरवायची ढब तीच, मध्येच थांबून "दिसतंय का?" विचारायची पद्धत तीच. माझी मुलगी शेजारी उभी राहून, तो काही विसरला की त्याला आठवण करून देत होती. व्याही सुरुवातीला शहराकडे बघत होते. मग माझ्या ध्यानात आलं, ते मुलाच्या बोटाकडेच बघतायत.

"आणि त्याच्या पल्याड काय हाय?" त्यांनी विचारलं.

"वाळवंट, अण्णा."

"बरं हाय," ते म्हणाले.

मी खांब सोडला. कसा सोडला ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या शेजारी जाऊन कोपरानं ढोसलं आणि म्हणालो, "अण्णा, विचारा की."

त्यांनी मान हलवली. आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते खरोखर हळू बोलले, "काय विचारू पावणं? बघितलंसा न्हवं, कसा दावत हुता त्यो. गाव झालं की त्येचं."

जावयांच्या कानावर शेवटचं काहीतरी पडलं असावं. "काय विचारायचं हुतं, अण्णा?"

"काय न्हाय रं. तुमच्या बिल्डिंगवर गच्ची हाय का, म्हणत हुतो."

"हाय की. पण कुलूप असतंय. वर जाऊ देत न्हाईत कुणाला."

याचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं. लिफ्टमधून उतरताना, मोटारीत, दुसऱ्या दिवशी न्याहारीला, ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "गच्चीला कुलूप! पोरीनं खेळायचं कुठं?" उरलेल्या दिवसांत ते आनंदातच होते. नातीला खांद्यावर बसवून त्यांनी तिला शहरातली दिसेल ती उंच इमारत दाखवली, आणि निघताना जावयांना नुसतं पाठीवर थोपटलं.

मुंबईहून कोल्हापूरला आम्ही लहान विमानानं आलो. खिडकी अर्थातच त्यांची. त्यांच्या शेजारी मी, पट्टा आवळून. विहीणबाई आणि माझी बायको मागच्या रांगेत. ढगांखाली आलो तशी पंचगंगा दिसली, मग उसाचे हिरवे पट्टे, मग शिरोलीकडची धुराडी आणि पत्र्याची छपरं. त्यातलं त्यांचं कुठलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. फौंड्री त्यांनी पुढे महिन्याभरात देऊन टाकली. गिऱ्हाइकाला नाही, पुतण्याला.

विहीणबाई सीटच्या फटीतून पुढे वाकल्या. इतके दिवस नातीच्या गडबडीत त्यांना नवऱ्याशी निवांत बोलायला सापडलंच नव्हतं. "आवं, पोराला विचारलं का तुमी?"

"विचारलं," व्याही खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

"मग? काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. सवड झाली की येतो."

"आसं!" विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी समाधानानं मागे टेकून माझ्या बायकोला ती बातमी सांगायला सुरुवात केली. मी पट्टा आणखी आवळला. चाकं धावपट्टीला लागली, विमान हादरलं, लोक पट्टे सोडून उभे राहिले. आता बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, कडेचं गवत तेवढं मागे पळत होतं. तरी आमचे व्याही कपाळ काचेला लावून तसेच बघत बसले होते.