टाकीवरचा शब्द

आमच्या कॉलनीच्या समितीला पाण्यापेक्षा पाण्याच्या शब्दाची काळजी जास्त. गेल्या उन्हाळ्यात या थोर मंडळींनी मला बैठकीला बोलावलं, ते नव्या टाकीवर काय रंगवायचं हे विचारायला. मी सरकारी कार्यालयात भाषांतराचं काम करते, तेव्हा शब्द माझ्या घरात पोत्यांनी पडलेले असणार, असा त्यांचा समज.

कॉलनी रायपूरची, गुढियारी वस्तीच्या अंगाला. रेल्वेतून नाहीतर कारखान्यातून निवृत्त झालेली, मूळची विदर्भातली आमची बौद्ध घरं. दर जयंतीला फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी माठ भरून ठेवायचे, वर ओलं फडकं, एवढीच आमची रीत. पण अध्यक्ष झालेल्या साहेबांना माठ गावंढळ वाटले. साहेब निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, साहेबी मात्र निवृत्त झाली नाही. मग टाइल्सचा ओटा आला, वर काळी टाकी, स्टीलचा नळ. टाकीत पाणी बोअरचं, आणि बोअर नाल्याला खेटून. नाला खोदल्यापासून त्या पाण्याला वास येत होता. मागच्या गल्लीत दोन घरांत कावीळही होऊन गेली होती.

तेव्हा माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की घाण पाण्याची कावीळ गरोदर बाईला झाली तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेततं. त्या दिवसापासून माझ्या गॅसवर पाण्याचं पातेलं कायम चढलेलं. बोअरच्या पाण्याचा थेंब मी तिच्या तोंडात जाऊ देत नव्हते.

आणि बैठकीत काय, तर शब्दांची पंगत. सचिव म्हणाले, "पेयजल लिहू." साहेब म्हणाले, "ते स्टेशनवर असते, आणि हिंदी आहे." मग पिण्यायोग्य. त्यावर एकाने शंका काढली, की योग्य कोणी ठरवलं असं लोक विचारतील. विचारतील याचीच यांना धास्ती! पिण्यालायक म्हटलं तर सचिवांना नालायक आठवलं. मग शुद्ध, निर्मळ, शीतल. एप्रिलमध्ये काळ्या टाकीत उकळणाऱ्या पाण्याला शीतल म्हणायलाही छाती लागते.

माझी आई वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातली. तिच्याकडे दोनच शब्द होते, गोडं पाणी आणि मचूळ पाणी. जिभेवर घोटभर घेतलं की तिचा निकाल लागायचा. घरात भांडीही दोनच, एक पिण्याच्या पाण्याचं, एक वापरायच्या पाण्याचं. वापरायच्या भांड्यात चुकून पिण्याचा ग्लास बुडवला तर पाठीत धपाटा बसे.

मी म्हटलं, "टाकीवर 'वापरायचं पाणी' असं लिहा."

"ताई, मजाक करून राहिल्या का?"

"मजाक नाही. आधी पाणी तपासून घ्या. तोवर नळ बंद ठेवा."

"काहून? पाणी पाहा न, आरशासारखं आहे," साहेब म्हणाले. आणि मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "आपल्या बापजाद्यांले लोक वरून पाणी ओतत होते, विसरल्या का? आता आपलीच माणसं आपल्या पाण्याले नाही म्हणतीन?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कारण आमच्यात पाणी कोणी नाकारत नाही. दारात आल्याबरोबर ग्लास पुढे येतो, तहान असो नसो, पाहुणा तो पितोच. न पिणं म्हणजे जुन्या जखमेवर मीठ. इतकी चांगली रीत, आणि या माणसाने तिची काठी करून आमच्याच पाठीत घातली. मला त्याची किळस आली.

शेवटी ठरलं 'पेय'. का? तर अक्षरं दोनच, रंग कमी लागेल. "पेय म्हटलं की लोकांना सरबत आठवतं," मी म्हटलं. "मंग चांगलंच आहे न," सचिव म्हणाले. अकलेचा असा दुष्काळ नळाने भरून निघत नाही.

जयंतीच्या सकाळी हार घातलेल्या टाकीसमोर सगळी कॉलनी जमली. साहेबांनी पहिला ग्लास स्वतः भरला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "पहिला मान माहेरवाशिणीले." माझी मुलगी रायपुरातच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते; पण रीत तिच्याही अंगात मुरलेली. तिने हात पुढे केला. मी मधेच तो ग्लास घेतला.

"ती नाही पिणार. साहेब, तुम्ही प्या."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीखाली त्यांची घरून आणलेली बाटली होती. सगळ्यांना दिसत होती, दर कार्यक्रमाला असायची.

"मी पिऊन आलो घरून," ते म्हणाले.

मी ग्लास ओट्यावर ठेवला आणि मुलीला घेऊन घरी आले. मागून एक बाई म्हणाली, "आपलेच लोक आपल्या पाण्याचा विटाळ मानून राहिले." घरी मुलगीही रडवेली झाली. "मम्मी, एक घूँट ही तो था।" तो एक घोटच मला नको होता, हे मी तिला ओरडून सांगितलं.

त्यानंतर आमच्याकडे येणं-जाणं थांबलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. माझ्या आजाच्या हातचं पाणी गाव घेत नव्हता, आणि आता मी आपल्यांचं पाणी घेत नाही अशी माझी कीर्ती झाली. ती करणारे कोण, तर सरबत आणि पाणी यातला फरक न कळणारे.

पुढे सचिवांच्याच घरात कावीळ झाली. एके दिवशी नळ काढलेला दिसला. माफी कोणी मागितली नाही. 'पेय' मात्र तसंच आहे. त्याखाली ओट्याला टेकून लोक स्कूटर उभ्या करतात.

मला नात झाली. मायलेकी दोघी धडधाकट. बाळाला पाहायला साहेब मिठाईचा डबा घेऊन आले, जणू काही घडलंच नाही. रीत ती रीत. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला आणि हळूच विचारलं, "ताई, हे फिल्टरचं आहे न?"

"पेय आहे, साहेब," मी म्हटलं.

पाणी उकळून गार केलेलं होतं. ते तसंच टेबलावर ठेवून साहेब उठले.