कॉलेज बघायला आलेल्या मायलेकी

पौडच्या पुढे, कोळवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे. वर टेकडीवर बीबीएचं मोठं कॉलेज झालं आणि आमच्या फळीवर तांदूळ-डाळीशेजारी नूडल्स आले.

एकदा टांझानियाहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन ते कॉलेज बघायला आली. मुलीला पुण्यातल्या दुसऱ्या एका कॉलेजातही प्रवेश मिळत होता. दोन्हींतून एक निवडायचं होतं. ऑफिसातलं गोड गोड ऐकून झाल्यावर मुलगी आईला घेऊन थेट आमच्या दुकानात आली. मला इंग्रजी येतं, म्हणून मधे मी.

"इथली मुलं तुमच्याकडे येतात ना? मग आम्हाला खरं सांगा," ती म्हणाली. मनात म्हटलं, पोरगी पक्की आहे! आमच्याकडे सोयरीक जुळवताना अशीच चौकशी करतात, घरच्यांना सोडून शेजारच्यांकडे.

घोटाळा तिथेच झाला. ठरत्या सोयरिकीत मोडता घालू नये, हा आमच्याकडचा दंडक, आणि गल्ल्यावर बसलेल्या अब्बांनी कॉलेजलाच नवरा मुलगा मानलं. "लई झ्याक! सर म्हंजी देवमानसं. जेवन तर घरच्यावानी." बाकावर बसलेल्या शेजारच्या काकांनीही री ओढली, "नाव ठेवाया जागा न्हाई." दोघांनीही कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही!

मी हे इंग्रजीत सांगत होते, तेवढ्यात माझी चुलती, चाची, आतून बाहेर आली. चाचीचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. "व्हय का? आन् दिवाळीत मेस बंद ऱ्हाती, ते कुनी सांगायचं? हितली पोरं घरी जात्यात. परदेशातल्यांनी कुटं जायाचं? मागल्या दिवाळीत दोन पोरी निस्ती बिस्किटं खात व्हत्या."

अब्बांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

"सांग तिला," चाची म्हणाली. "पोर त्यांची हाय."

मी सांगितलं. त्या क्षणी मला चाचीचा फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

आईचा चेहरा उतरला. पर्स उचलून ती उठलीच. "चल, पुण्यातलंच घेऊ." मुलगी मात्र जागची हलली नाही.

"मग त्या दोघी पुढे कुठे जेवल्या?" तिने विचारलं. मला हे विचारायचं सुचलंच नसतं.

"कुटं म्हंजी? हितं, आमच्यात," चाची म्हणाली.

मुलगी आईकडे वळली. "सकाळपासून सगळे चांगलंच सांगतायत. उणं सांगितलं ते फक्त यांनी. पुण्यात अडले, तर असं माणूस कुठे शोधू? मला इथेच शिकायचंय."

आईने पर्स पुन्हा खाली ठेवली. मग तिने दाराशी चपला काढल्या आणि तडक चाचीच्या स्वयंपाकघरात गेली. पातेल्यावरचं झाकण उचलून तिने कालवणावरचा लाल तवंग पाहिला, वास घेतला. आम्ही सगळे दारात उभे.

"यांना सांग," ती मला म्हणाली, "माझ्या मुलीला तिखट सोसत नाही."