फूस लावून

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका उन्हाळ्यात, आमच्या दैनिकाच्या मुख्य उपसंपादकांची मुलगी घरातून निघून गेली. जळगावच्या अंकात ती बातमी त्यांनीच लावली.

सगळे त्यांना आबा म्हणत. मजकूर तपासताना ते पेनाचे टोपण दातांत धरत आणि टोपणासकट बोलत. ते काय म्हणाले हे कळायला नव्या माणसाला काही महिने लागत.

त्या काळची जिल्हा पाने तुम्ही चाळली असतील, तर एक वाक्य तुम्हालाही पाठ असेल : 'तरुणीला फूस लावून पळवून नेले.' आमच्या पानावर ते आबांच्या हातून येई. पोलिसांच्या पत्रकात नुसते 'मुलगी बेपत्ता' असले, तरी आबा फूस घालत.

मी नवा होतो. एकदा विचारले, "आबा, फूस लावताना कोणी पाहिलंय का?"

"नाही."

"मग?"

त्यांनी टोपण तोंडातून काढले. "आपल्या मनानं गेली असं छापलं, तर बाप दार उघडत नाही. कोणी भुलवली म्हटलं, की शिव्या देत का होईना, घरात घेतो. ऱ्हाऊ दे भो फूस. पोरले परत येवाले वाट ऱ्हास."

हे खरे होते. रावेरकडचे एक गृहस्थ मुलगी परत आल्याचे सांगायला कार्यालयात आले आणि आबांच्या टेबलावर केळ्यांची फणी ठेवून गेले. ज्यांच्यावर फूस लावल्याचा ठपका येई, ती मुले मात्र कधी कार्यालयात आली नाहीत.

स्वतःची मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आबा कामावर आले. समोर त्यांचे थोरले भाऊ, नाना, येऊन बसले. दोघांचे कुटुंब एकत्र होते. मुलगी सज्ञान होती. मुलगा पाइपच्या कारखान्यातला, दुसऱ्या जातीचा. नानांनी पोलिसांत तक्रार दिली होती आणि पोलिसांनी मुलाच्या वडिलांना सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवले होते. पत्रकात या वेळी फूस आधीच होती.

फोन वाजला. मी घेतला. मुलगी धुळ्याहून बोलत होती.

"दादा, फूस लावली असं छापू नका. मला कोणी लावली नाही. मीच त्याच्या मागे लागले होते. आबांना द्या."

आबांनी बराच वेळ ऐकले. मग विचारले, "जेवलीस का?" थोड्या वेळाने, "भाजी कसली?" आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणे?" नाना.

"आपल्या मनानं गेली म्हणे."

"पढवलीय तिला."

"नाना, ती मला पढवते. तिला कोण पढवणार?"

"दुसऱ्याच्या पोरींना रोज फूस लावतोस, आन् तुझीच तेवढी शहाणी? लिहिलं नाहीस, तर आपल्या उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही तिला. सांगून ठेवतो."

आबांनी टोपण टेबलावर ठेवले. 'फूस लावून पळवून नेले' या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिले, 'स्वतःच्या मर्जीने गेली.' मजकूर जुळणीला पाठवला, चपला घातल्या आणि ठाण्यात जाऊन बाप म्हणून तोच जबाब दिला. मुलाच्या वडिलांना सोडले. त्यांना आबांनीच रिक्षात बसवून दिले.

नानांनी शब्द पाळला. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी आल्या. आबांची आली नाही. आबांनी रजा टाकली आणि धुळ्यातल्या देवपूरला, तिच्या घरी निघाले. धुळ्याच्या गाडीपर्यंत मी सोबत गेलो. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता. आत खापरावरचे मांडे होते. ते मुलीच्या आईने आणि नानांच्या बायकोने मिळून केले होते.