बोस्टनची धोका पातळी

एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागचे चार रांग मोडून पुढं घुसतात. आमच्या अपार्टमेंटच्या कट्ट्याचं तसंच आहे. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात पंचगंगा किती फुटांवर आली हे विचारल्याशिवाय चहा पीत नाही. पण हिवाळ्यात करायचं काय? आमच्या कट्ट्यानं उत्तर शोधलं होतं: अमेरिकेतला बर्फ!

रिटायर्ड इंजिनिअर पाटीलकाकांचा मुलगा शिकागोत, कापड दुकानवाल्या अण्णांची मुलगी मिनियापोलिसमध्ये आणि माझा नवरा अजित कंपनीच्या कामावर बोस्टनला. जिन्याखालच्या फळ्यावर काका खडूनं तिन्ही गावांचा बर्फ लिहायचे. पुराच्या सवयीनं वर दोन ओळी कायमच्या: इशारा पातळी दीड फूट, धोका पातळी दोन फूट.

बोस्टन नेहमी तळाला. "पोरी, तुमच्यात नुसतं हिव पडतंय, बर्फ न्हवं!" काका चिडवायचे. मी हसायचे, आणि मनात म्हणायचे, बरंच आहे. अजित गेला तेव्हा मनू माझ्या पोटात होती. फेब्रुवारीत तिच्या पहिल्या वाढदिवसाला तो येणार होता. मला बर्फ दिसायचाच नाही, फक्त विमान दिसायचं.

*

पहिलं भांडण गुडघ्यावरून झालं.

काकांनी मुलाचा फोटो प्रिंट करून आणला. "बगा अण्णा, गुडघाभर!"

अण्णांनी खिशातून मुलीचा फोटो काढला. तीही गुडघाभर बर्फात. काका म्हणाले, "मग बरोबरी."

"कसली बरोबरी ओ?" अण्णा उसळले. "तुमचं पोरगं सहा फूट. त्याचा गुडघा म्हंजे आमच्या पोरीची कंबर की!"

"मग अण्णा, तुमचाच बर्फ कमी भरला न्हवं?"

आपल्याच विरुद्ध बोललो हे अण्णांना घरी जेवताना कळलं म्हणे!

*

त्यानंतर अण्णांनी शिस्त आणली. दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर त्यांनी जावयाच्या बॅगेत घालून मिनियापोलिसला धाडला. वर नियम: मैदानात मोजायचं, भिंतीकडेला वाऱ्यानं गोळा केलेला बर्फ धरायचा न्हाय.

पंधरा दिवसांनी फोन आला. मीटर बर्फात रोवून पोरगी चहा प्यायला आत गेली, तोवर इतकं पडलं की मीटरच सापडेना.

काका हरखून म्हणाले, "म्हणजे तीन फुटांच्या वर! मांडू का?"

"मांडू नगा," अण्णा कळवळले. "आमच्या वडलांच्या दुकानातला मीटर हाय त्यो!"

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तो सापडला आणि कुणाच्या तरी बॅगेतून दुकानात परत आला. अण्णांनी कट्ट्यावर पेढे वाटले.

*

आता माझं. मी फिजिक्सची बीएस्सी, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं विश्वास बसणार नाही.

अजितला पाठवायला मी इथूनच चामड्याचे बूट घेतले. ते बर्फात टिकतील का, या काळजीनं झोप येईना. शेवटी फ्रीजरमधला बर्फ उलथन्यानं खरवडला, परातीत पसरला, त्यात बूट उभे केले आणि मनूला कडेवर घेऊन समोर बसून राहिले.

दूध घालायला आलेल्या जाधवमावशींनी दारातूनच बघितलं. दुधाची किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बूट गारठलं असतील की गं. काढा देऊ का उकळून?"

*

मावशींना फूट-इंच पटायचेच नाहीत. "काका, ढीग कसला मोजताय? आटवून किती लिटर, त्ये सांगा."

काकांनी उत्साहानं समजावलं, की दहा इंच बर्फ वितळला तर पाणी जेमतेम इंचभर होतं.

मावशींनी कपाळाला हात लावला. "नऊ वाटे हवा? आणि मला म्हणता दुधात पाणी हाय!"

*

आणि मग तो फेब्रुवारी. अजितचं विमान निघायचं त्याच दिवशी बोस्टनवर बर्फाचं वादळ येणार, असं काकांनी इंटरनेटवर वाचलं. पहिल्यांदाच बोस्टन शिकागोला मागं टाकणार होतं! पण काकांनी खडू उचलला नाही. बोस्टनची ओळ दोन दिवस कोरी.

विमान रद्द झालं. दुसरं कधी मिळेल ते कुणी सांगेना. अजित विमानतळावरून फोनवर म्हणाला, "लाइनीत उभा आहे," आणि फोन तुटला. पुढं काहीच नाही. मावशी दूध घालायला आल्या की उगाच मनूशी बोलत थांबायच्या. मनूनं त्याच आठवड्यात उभं राहायला सुरुवात केली होती. मी तिला म्हणायचे, थांब गं, बाबांना बघू दे आधी.

वाढदिवसाला संध्याकाळी केक समोर, मेणबत्ती लावलेली नाही, आणि खाली टॅक्सीचा दरवाजा वाजला.

सगळा कट्टा जिन्याखाली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. अजितच्या पायांत तेच बूट. मनू माझी साडी घट्ट धरून उभी, या नव्या माणसाकडं टक लावून. तो तिच्यासमोर बसला आणि नुसता बघत राहिला.

काकांना राहवलं नाही. "पावणं... किती पडला ओ बर्फ?"

अजितनं नजर न हलवता हात पुढं केला आणि अलगद मनूच्या डोक्यावर ठेवला. "एवढा."

मनू रडली नाही.

अण्णा धावत जाऊन मीटर घेऊन आले. काकांनी तो मनूशेजारी उभा धरला, डोळे बारीक करून वाचला, आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं:

"बोस्टन: दोन फूट पाच इंच. धोका पातळी ओलांडली."