मधला झेंडा

परराष्ट्र खात्याच्या तळघरात शिवणयंत्रापाशी बसणाऱ्या बाईला सगळे झेंडामावशी म्हणत. तिच्या उमेदीच्या काळात काम कसलं, नुसतं माशा मारणं! बैठका व्हायच्या बड्या देशांत, आणि तिथल्या फोटोंत आपला झेंडा शोधायला मावशीला चष्मा पुसावा लागायचा. अलीकडे मात्र जग वाट वाकडी करून इकडे येऊ लागलं होतं.

आता तर एकमेकांच्या उरावर बसलेले दोन देश भांडण मिटवायला चक्क आपल्याकडे येणार होते. एकाचा झेंडा हिरवा, दुसऱ्याचा निळा. हिरव्यांनी समुद्रात अडवून ठेवलेल्या निळ्यांच्या जहाजावर मावशीचा मुलगा आचारी होता. बोलणी जमली तरच जहाज सुटणार होतं.

शिवताना मावशीची तंद्री लागे. निळं कापड सुईखालून सरकलं की समुद्र हलल्यासारखा वाटे, आणि त्यावर लेकाचं जहाज डुलत डुलत येताना दिसे. हिरवं कापड हाती आलं की मात्र तिचे ओठ आवळले जात.

बैठकीच्या सकाळी साहेब दोन्ही झेंडे घेऊन धापा टाकत खाली आले.

"मावशी, घात झाला! हिरवे लोक दारातच अडून बसलेत. आमचा झेंडा आखूड आहे म्हणतात."

"काहीतरीच!" मावशीने झेंडे एकावर एक ठेवले. हिरवा खरंच बोटभर आखूड होता. जन्मात न चुकलेली कात्री नेमकी इथेच का चुकली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आपल्याच रागाने आपण लेकाची वाट अडवली!

तिने नवं हिरवं कापड घेतलं. लेकाच्या अंगड्यालाही घातले नसतील इतक्या मायेने टाके घातले, कडक इस्त्री केली. साहेब झेंडे घेऊन जिन्याशी पोचले तेव्हा तिला आठवलं.

"अहो, आणि आपला? त्याला इस्त्रीच नाही!"

"राहू द्या, घरचाच आहे!" म्हणत साहेब पळाले.

बोलणी जमली. दुसऱ्या दिवशी फोटोत दोन्ही बाजूंना दोन झेंडे ताठ उभे होते, आणि मधोमध आपला, चुरगळलेला. मावशी शरमेने अर्धी झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, सोडलं आम्हाला! पहाऱ्यावरच्या हिरव्या शिपायानेच फोटो दाखवला. मी म्हटलं, तो मधला आमचा."

"लगेच दिसला?"

"न दिसायला काय झालं? जरा चुरगळलाय पण."

"तू ये घरी," मावशी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तुझ्यासमोर इस्त्री करते."