बाजरीच्या डब्यातला कान

सुट्टीत वडूजला आले तेव्हा माझ्या पिशवीत एक कवटी होती. अक्रोडाएवढी, कोट्यवधी वर्षांत दगड झालेली. माकडं आणि माणसं यांच्या कुळाच्या मुळाशी कुठेतरी असावा अशा प्राण्याची. माझ्या पीएचडीच्या गाईडबाईंनी ती विश्वासानं माझ्यावर सोपवली होती, आणि तिचा कान मी सुईनं कोरून मोकळा केला होता. सगळं त्या कानातच होतं. कानाच्या पोकळीखालचं कागदासारखं पातळ हाड आतल्या हाडातूनच वाढलेलं असलं, तर हा प्राणी बहुधा आपल्या घरचा. वेगळं, सांधलेलं असलं, तर लांबचा. सांगलीत माझी शाळेतली मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. तिच्या स्कॅन मशीनवर ते दिसलं असतं.

आई सोबत निघाली. निघताना तिनं मला न विचारता कवटी फोमच्या डबीतून काढून बाजरीच्या डब्यात खुपसली. मला ते कळलं विट्याच्या अलीकडे, एसटीच्या फळीवरून तो डबा धाडकन खाली आदळला तेव्हा.

"आगं, तुझ्या मामाला अंडी अशीच न्हेते की मी. त्या फोमात काय राम हाय?"

मी भर एसटीत तिच्यावर ओरडले. गाईडबाईंना काय तोंड दाखवणार होते?

सांगलीच्या दवाखान्यात मशीनला पेशंटचं वय हवं होतं. मैत्रिणीनं बिनधास्त नव्याण्णव टाकलं. स्क्रीनवर कान उमटला. भोकात एक गोल तुकडा अडकला होता. म्हणजे फुटलंच.

कवटी उचलून मी हलकेच कलती केली, बोटानं टिचकी दिली. तळहातावर बाजरीचा दाणा पडला.

पुन्हा स्कॅन केला. हाडाला चीर नव्हती. सांधाही नव्हता. घरचाच निघाला! इतकं हलकं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

आई दाण्याकडे बघत होती. "ल्हान असताना तुझ्याबी कानात असाच गेलता. डाक्टरनं काढंपतुर माझा जीव थाऱ्यावर न्हवता. पर तवा मी वरडले न्हवते कुनावर."

परतीच्या एसटीत कवटी पुन्हा बाजरीतच होती. डबा आईच्या मांडीवर, आणि कवटीच्या कानात तिनं घातलेला कापसाचा बोळा.